पोस्टवरून घरी आल्यावर झोप लागत नसेल तर

सीमेवरच्या पोस्टवर जवानाचा दिवस असा: दोन तास संत्री म्हणजे पहारा, चार तास आराम, पहाटे आणि तिन्हीसांजेला स्टँड-टू, म्हणजे सगळ्यांनी हत्यारासह मोर्चावर तयार. सहा-आठ महिने शरीर या तालावर चाललं की झोपेची घडणच बदलते. सलग सात तासांऐवजी दीड-दोन तासांचे तुकडे पडतात, कान जागे राहतात आणि बूट वाजला तरी डोळे उघडतात. नियंत्रण रेषेवर हा दोष नसतो, तिथे तेच कामाचं असतं. घोटाळा होतो तो रजेवर आल्यावर किंवा पेन्शनवर उतरल्यावर. तालुक्याच्या गावात, दाराला कडी लावून, घरच्या गादीवर पडलं तरी मेंदू पहाऱ्यावरून उतरत नाही.

पहिले दहा-बारा दिवस असं होणारच. त्यावर काही उपाय करायला जाऊ नका, फक्त उठायची वेळ सांभाळा. महिना उलटूनही आठवड्यातल्या तीन किंवा जास्त रात्री झोप लागत नसेल, मोडत असेल आणि दिवसा चिडचिड, डोकं जड, कामात चुका असं होत असेल, तर पुढचं नीट वाचून करायला घ्या. तीन महिन्यांवर गेलं की डॉक्टर त्याला जुना निद्रानाश म्हणतात. तो आपोआप जायची वाट पाहण्यात अर्थ नसतो.

आधी झोप बिघडवणाऱ्या चांगल्या सवयी

घरच्यांना वाटतं, पोरगा दमून आलाय, झोपू दे. मग तो साडेनऊला अंथरुणावर पडतो, बारापर्यंत कूस बदलतो, तीनला जागा होतो, पाचपर्यंत आढ्याकडे बघतो, सकाळी पुन्हा नऊपर्यंत लोळतो आणि दुपारी जेवण झाल्यावर दोन तास ताणून देतो. यातलं प्रत्येक पाऊल समजण्यासारखं आहे आणि प्रत्येक पाऊल रात्रीची झोप चोरतं. झोपेची भूक जागं राहण्यानं साठते. दुपारी ती भागवली तर रात्री पानावर बसून काय उपयोग? शिवाय अंथरुणावर तासन्‌तास जागं पडलं की मेंदू शिकतो की ही जागा जागं राहायची आहे. सोप्यात टीव्हीपुढे डुलकी येते आणि गादीवर पडताच डोळे टक्क उघडतात, त्याचं कारण हेच.

म्हणून पहिला नियम: उठायची वेळ एकच. रात्र कशीही गेली तरी. साडेपाच म्हणजे साडेपाच, रविवार असो की जत्रा. झोपायची वेळ आपल्या हातात नसते, उठायची असते. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत, अंधार असेल तर उजाडताच, बाहेर उजेडात या आणि वीस-तीस मिनिटं तिथेच राहा. शेतावर चक्कर, धार काढणं, पळणं, काहीही चालेल. घरातली ट्यूब त्या कामाची नाही, कारण ढगाळ सकाळचा उजेडही तिच्यापेक्षा कितीतरी पट जास्त असतो. मेंदूतलं घड्याळ सकाळच्या त्याच उजेडावर मिळवलं जातं.

नोंदवही, मग हिशेब

सात दिवस एका वहीत रोज सकाळी पाच गोष्टी लिहा: अंथरुणावर किती वाजता गेलात, अंदाजे कधी झोप लागली, रात्री एकूण किती वेळ जागे होतात, शेवटचे कधी उठलात, आणि त्या दिवशीचा चहा-तंबाखू-दारू किती व कधी. रात्री घड्याळ बघून लिहू नका. सकाळी आठवेल तेवढं पुरतं. मनगटावरचा बँड झोपेचे जे टप्पे दाखवतो त्यावर विसंबू नका, तो जागं पण निश्चल पडलेल्या माणसाला झोपलेला समजतो. आणि निश्चल पडून राहायचं कसब पहारेकऱ्याइतकं कोणाकडे असणार!

आता हिशेब. समजा, रात्री ९.३० ते सकाळी ६ म्हणजे ५१० मिनिटं अंथरुणावर आणि खरी झोप सरासरी ३१५ मिनिटं. ३१५ भागिले ५१०, म्हणजे साधारण ६२ टक्के. निरोगी झोपेत हा आकडा ८५च्या पुढे असतो. उपाय ऐकायला उलटा वाटतो: अंथरुणावरचा वेळ कापायचा. झोप सव्वापाच तास येते ना, मग अंथरुण साडेपाच तासच. उठायचं ५.३०ला, तर पडायचं रात्री १२ला, त्याआधी नाही. साडेपाच तासांच्या खाली मात्र स्वतःच्या मनाने जाऊ नका.

पहिला आठवडा जड जातो. साडेनऊ-दहालाच पेंग येते. उभे राहा, भांडी लावा, उद्याची वैरण काढून ठेवा, पण आडवे होऊ नका. दुपारची झोप पूर्ण बंद. आठवड्याअखेर पुन्हा भागाकार करा. समजा, ३३० मिनिटांपैकी २९० झोपलात, म्हणजे ८८ टक्के. आता पंधरा मिनिटं बक्षीस, पडायची वेळ ११.४५. आकडा ८० ते ८५ मध्ये असेल तर आहे तीच वेळ आणखी एक आठवडा. ८०च्या खाली गेला तर पंधरा मिनिटं आणखी कापा, साडेपाच तासांची हद्द राखून. असं करत दिवसभर ताजं वाटेल त्या वेळेवर थांबायचं. कोणाचं ते साडेसहा तासांवर येतं, कोणाचं साडेसातवर. एकूण सहा ते आठ आठवडे धरा. वार्षिक रजा ६० दिवसांची असली तरी ती बहुधा तुकड्यांनी मिळते, त्यामुळे रजेवर महिना उलटायची वाट न पाहता पहिल्या पंधरवड्यानंतर सुरुवात केली तरी जेमतेम महिनाभरच हातात राहतो. तेवढ्यातही फरक दिसतो.

ही कापाकापी सगळ्यांसाठी नाही. फिट येण्याचा आजार, झोपेत चालणं, मनोविकारात कधी अतिउत्साहाचा झटका येऊन गेलेला, घोरणं आणि दिवसा अनावर पेंग: यांपैकी काही असेल तर डॉक्टरांशिवाय करू नका. ट्रक, ट्रॅक्टर, जेसीबी चालवणाऱ्यांनी आणि बंदूक घेऊन पहारा करणाऱ्यांनीही नको. त्यांनी सौम्य मार्ग घ्यावा: दर आठवड्याला अंथरुणावरचा वेळ फक्त पंधरा-वीस मिनिटांनी कमी करत न्यावा.

मध्यरात्री जाग आली तर

अंदाजे वीस मिनिटं झोप लागत नाही असं वाटलं की उठा. घड्याळ बघू नका, ते भिंतीवरून काढून ठेवलेलं बरं. सोप्यात किंवा ओसरीवर मंद दिव्यात बसून कंटाळवाणं काहीतरी करा. शेंगा फोडा, मुलांच्या वह्यांना कव्हर घाला, जुना पेपर वाचा. मोबाइल नको. उजेड हे एक कारण, पण पलटणीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री अडीचला काय येऊन पडेल याचा भरवसा नाही, हे त्याहून मोठं. पापण्या जड झाल्या की परत आत जा. पुन्हा झोप आली नाही तर पुन्हा उठा. पहिल्या काही रात्री चार-चार वेळा उठावं लागतं. कंटाळून इथेच बहुतेक जण सोडून देतात.

बसल्या जागी श्वास मोजायचा असेल तर चार मोजत आत, सहा मोजत बाहेर, पाच मिनिटं. यानं झोप ‘आणायची’ नसते, छातीची धडधड खाली येते एवढंच. झोप आणायला गेलं की ती आणखी दूर जाते.

आता राउंडचा प्रश्न. रात्री दोनला उठून दार, खिडकी, गोठा, गाडी तपासून येणं ही पोस्टवरची ड्युटी आहे. एकदम बंद करायला गेलात तर घुसमट होते. एक राउंड ठेवा, झोपायच्या आधी, ठरल्या वेळी: कडी, गॅस, गोठ्याचा दिवा. वहीत टिक करा. नंतर जाग आली आणि पाय वळवळले तर ती टिक आठवायची, उठून बघायचं नाही. दर वेळी तपासून आल्यावर जे हायसं वाटतं, तेच मेंदूला सांगतं की धोका खरा होता. उशाखालचा कोयता किंवा काठीही याच हिशेबातली. आठवड्या-आठवड्याने ती दूर सरकवा: उशाखालून कोपऱ्यात, कोपऱ्यातून दुसऱ्या खोलीत. परवान्याची बंदूक घरात असेल तर तिला हा सरकवण्याचा नियम नाही. ती पहिल्याच दिवशी कुलपात, काडतुसं वेगळ्या जागी आणि किल्ली घरच्या दुसऱ्या माणसाकडे.

आवाज, ऊन, लाईट

कानात बोळे घालून झोपा असं लोक सांगतात. जवानाला ते बहुधा सोसत नाही, कारण ऐकू येणं बंद झालं की भीती वाढते. त्यापेक्षा एकसारखा मंद आवाज चांगला. छताचा पंखा हे काम फुकट करतो. फायरिंगनं कानात सतत गुंई आवाज येत असेल तर त्यालाही तो झाकतो. अडचण लोडशेडिंगची: लाईट गेली की पंखा थांबतो आणि अचानक पडलेल्या शांततेनंच माणूस दचकून उठतो. बॅटरीवरचा छोटा पंखा जवळ ठेवा. दिवाळीचे फटाके, लग्नाचा डीजे, यात्रेतली आतषबाजी यांची वेळ घरच्यांनी आधी सांगून ठेवावी. आवाज तोच असतो, पण माहीत असलेला धमाका आणि अनपेक्षित धमाका यांत शरीराच्या लेखी फार अंतर आहे.

उंचावरून आलेल्यांची गोष्ट थोडी वेगळी. सियाचीनचा बेस कॅम्पच १२,००० फुटांवर आहे आणि वरच्या पोस्ट १८,००० फुटांच्याही पुढे. विरळ हवेत झोपेत श्वास वाढतो, मग काही सेकंद थांबतो, पुन्हा दणक्यात सुरू होतो आणि प्रत्येक वेळी झोप चाळवते. खाली उतरल्यावर काही दिवसांत हे थांबतं. थांबलं नाही, बायको सांगते की मोठ्यानं घोरता, मध्येच श्वास अडकतो, गुदमरून उठता, तर तो उंचीचा परिणाम नाही. झोपेत घसा बंद होण्याचा आजार असू शकतो. रक्तदाब जास्त असेल, गळ्याचा घेर ४० सेंटिमीटरच्या वर असेल तर शंका आणखी पक्की. त्याची झोपेची तपासणी होते आणि रात्री हवा दाबानं देणारं सीपॅप यंत्र मिळतं. हा आजार असताना झोपेची गोळी घेणं घातक, श्वास आणखी अडतो.

चहा, तंबाखू, रम आणि गोळ्या

कॅफिनचा निम्मा भाग शरीरातून जायला साधारण पाच-सहा तास लागतात. दुपारी दोननंतर चहा-कॉफी बंद. पाहुण्यांकडे पाच घरी पाच कप होतात, ते नुसत्या दुधावर निभवा. तंबाखू, मिश्री, गुटखा यांतलं निकोटिन उत्तेजकच आहे. ‘तंबाखू मळली की शांत वाटतं’ ही तलफ भागल्याची शांतता असते. झोपण्याआधी किमान दोन तास नको, आणि रात्री जाग आल्यावर तर मुळीच नको, नाहीतर शरीर दोन वाजताच्या विड्यासाठी उठायला शिकतं.

कँटीनची रम हा सगळ्यात मोठा सापळा. दोन पेगांवर झोप पटकन लागते हे खरं. पण तीन-चार तासांत दारू उतरते, तशी दुसऱ्या निम्म्या रात्रीत झोप फुटते, धडधड होते, घाम येतो आणि दाबून ठेवलेली स्वप्नं उसळून वर येतात. वाईट स्वप्नं पडतात म्हणून पिणं आणि पिण्यानं ती वाढणं, हा चरक असाच फिरतो. मात्र रोज भरपूर पिणाऱ्यानं एका रात्रीत सोडू नये. हातपाय थरथरणं, भास, फिट येऊ शकते. त्यासाठी डॉक्टरच लागतात.

मेडिकलवाल्या ओळखीच्याकडून चिठ्ठीविना अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम या गुंगीच्या गोळ्या आणायच्या नाहीत. सवय लागते, काही आठवड्यांत तेवढ्याच गोळीचा असर कमी होतो, दारूबरोबर जीवावर बेतते. युद्धाच्या मानसिक आघातात तर या गटातल्या गोळ्या टाळाव्यात असंच तज्ज्ञ सांगतात. आधीपासून रोज घेत असाल तर अचानक बंद करू नका, हळूहळू उतरवाव्या लागतात. दुधातलं जायफळ चिमूटभर असेल तर बिघडत नाही. ‘जास्त घातलं की जास्त झोप’ म्हणून चमच्यानं घातलं तर उलट्या, धडधड आणि भास होतात, कारण त्या प्रमाणात जायफळ विषारी आहे.

वाईट स्वप्नांवर दिवसा काम

आठवड्यातून एखादं वाईट स्वप्न पडलं तर सोडून द्या. वारंवार पडत असतील तर ही रीत वापरा. सकाळी किंवा दुपारी, रात्री कधीच नाही, एक स्वप्न वहीत लिहा. सगळ्यात भयंकर असेल ते सुरुवातीला निवडू नका, मधलं घ्या. मग त्यात काहीही एक बदल करा: शेवट बदला, जागा बदला, सोबत कोणाला तरी उभं करा. बदल शूरपणाचा असायची गरज नाही. दरीतली पोस्ट आपल्या ओढ्याकाठचं आंब्याचं झाड झाली तरी चालेल. हे नवं स्वप्न रोज दहा-पंधरा मिनिटं डोळे मिटून मनात चालवा. जुनं पुन्हा उगाळू नका. दोन-तीन आठवड्यांत स्वप्नांची संख्या किंवा धार कमी होऊ लागते. करताना प्रसंग जागेपणीच डोळ्यांपुढे यायला लागला, दरदरून घाम सुटला तर थांबवा आणि हे काम मानसोपचारतज्ज्ञांसमोर करा. स्वप्नांसाठी डॉक्टर कधी प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध देतात. २०१८ साली अमेरिकेत ३०४ माजी सैनिकांवर झालेल्या मोठ्या चाचणीत ते औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही, तरी काहींना त्याचा उपयोग होतो. रक्तदाब घसरून चक्कर येते, म्हणून ते स्वतःहून घ्यायचं औषध नव्हे.

घरच्यांसाठी

दचकून ओरडणाऱ्या माणसाला हलवून उठवू नका, विशेषतः खांद्याला किंवा गळ्याजवळ हात लावू नका. तो जागा व्हायच्या आत हात उगारला जातो, आणि त्यात त्याचा दोष नसतो. पायथ्याशी, हाताच्या टप्प्याबाहेर उभं राहा, दिवा लावा आणि नेहमीच्या आवाजात बोला: ‘अहो, घरी आहात. मी आहे इथं. आज मंगळवार.’ आईनं असेल तर ‘बाळा’ म्हणून, नाव घेऊन. जागेचं आणि दिवसाचं नाव घ्यायचं, कारण स्वप्नातून बाहेर यायला तेवढी खूण पुरते. पाणी द्या. ‘काय बघितलं?’ हे तेव्हा विचारू नका. स्वप्नात हातपाय चालत असतील तर लहान मूल शेजारी झोपवू नका आणि काही दिवस वेगळी गादी घाला. वेगळी गादी म्हणजे संसारात बिघाड असा अर्थ काढणाऱ्या नातेवाइकांना उत्तर द्यायला बांधील नाही.

पेन्शननंतर सिक्युरिटीत असाल तर

मेस्को (राज्याचं माजी सैनिक महामंडळ) किंवा दुसऱ्या कंपनीमार्फत रात्रपाळीला लागलेल्या माजी सैनिकांना वरचे नियम जसेच्या तसे लागू पडत नाहीत. पाळीच्या आणि सुट्टीच्या दोन्ही दिवशी सारखे असे चार तास तरी झोपेला बांधा, उदाहरणार्थ सकाळी ८ ते १२. उरलेली झोप पुढेमागे जोडा. घरी येताना काळा चष्मा लावा, म्हणजे सकाळचा उजेड घड्याळ फिरवणार नाही. पण स्वतः गाडी चालवत असाल आणि पेंग येत असेल तर चष्मा नको, आधी अर्धा तास झोप काढा. खिडकीला जाड गोधडी लावा. पाळीआधी संध्याकाळी दीड तासाची झोप आणि चहा पाळीच्या पहिल्या निम्म्यातच. रात्रपाळ्या आणि दिवसपाळ्या आठवड्यात दोनदा उलटवल्या जात असतील तर कोणताच उपाय नीट चालत नाही, मॅनेजरशी बोलून एका प्रकारची पाळी सलग मागून घ्या.

कोणाकडे जायचं

सेवेत असाल तर युनिटचे डॉक्टर म्हणजे आरएमओ, रजेवर असाल तर जवळचं लष्करी रुग्णालय. पुण्यात कमांड हॉस्पिटल, मुंबईत नौदलाचं अश्विनी. पेन्शनर असाल तर ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या पॉलिक्लिनिकमधून मानसोपचाराचा रेफरल घ्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा फोन चोवीस तास असतो, मराठीतही बोलता येतं. सैन्यदलांसाठी त्याचा वेगळा कक्ष पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सैन्यदलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात, २०२३च्या डिसेंबरात सुरू झाला. ‘झोप येत नाही’ एवढंच सांगून थांबू नका. वही दाखवा, स्वप्नं, घोरणं, दारू, डोक्याला मार किंवा जवळ झालेला स्फोट हे सगळं सांगा. ‘गोळीशिवाय झोपेची वर्तनोपचार पद्धत करायची आहे’ असं स्पष्ट मागा, जुन्या निद्रानाशात पहिला उपचार तोच मानतात.

मेडिकल कॅटेगरी खाली जाईल, प्रमोशन अडकेल, ही भीती खोटी नाही. सैन्याच्या शेप या वैद्यकीय श्रेणीतला ‘एस’ मानसिक स्वास्थ्याचाच आहे. पण तात्पुरत्या श्रेणीचा ठरावीक काळाने फेरविचार होतो. लपवून घेतलेल्या गोळीवर, अर्धवट झोपेत, भरलेल्या रायफलीसह उभं राहण्यातला धोका मात्र कोणत्याच कागदावर येत नाही.

जगण्यात अर्थ नाही असे विचार येत असतील, दोन-तीन तास झोपूनही विलक्षण उत्साह आणि उधळपट्टी चालू असेल, किंवा डोक्याला मार लागल्यानंतर डोकेदुखी आणि विसरभोळेपणा वाढत असेल, तर नोंदवही-हिशेब बाजूला ठेवून त्याच दिवशी जा. आत्महत्येचा विचार बोलून दाखवणाऱ्या माणसाला त्या रात्री एकटं झोपू देऊ नका.

परत जाताना

रजेच्या शेवटच्या चार-पाच दिवसांत उठायची वेळ रोज वीस मिनिटांनी अलीकडे आणत युनिटच्या वेळेला भिडवा. पोस्टवर पोचल्यावर अंथरुण कापण्याचा नियम सोडून द्या, तिथे मिळेल तेव्हा मिळेल तेवढी झोप घ्यायची. ड्युटीआधीची डुलकी वीस मिनिटांची असू द्या. चाळीस-पन्नास मिनिटांनी उठलात तर गाढ झोपेतून उठल्यासारखं डोकं सुन्न राहतं, आणि पहारेकऱ्याला ते परवडत नाही. वही मात्र किटबॅगेत टाका. पुढच्या रजेला पहिल्या आठवड्यातच तीच पानं पुढे चालू करता येतात.